सभापतींचे गाल

लाखनीत नोकरीला असताना मी ज्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो, त्या घरमालकांना अख्खं गाव सभापती म्हणायचं. पंचायत समितीचं सभापतिपद त्यांनी भोगलं ते मी शाळेत असताना, आणि तेही मुदत संपायच्या आधीच अविश्वास ठरावात गेलं. पण ही बातमी त्यांच्या कानावर अजून आलेली नसावी, असं त्यांचं वागणं होतं. गणपतीच्या मंडपात एकदा सूत्रसंचालकाने 'माजी सभापती' असा पुकारा केला, तर हे खुर्चीत तसेच बसून राहिले, जणू दुसऱ्याच कुणाला बोलावलंय. त्याने 'माजी' गाळून पुन्हा पुकारलं तेव्हा उठले, हार घेतला आणि मग आरतीची वेळ टळेपर्यंत माईक सोडला नाही.

हायवेला लागून त्यांची राईस मिल आणि मिलच्या मागे घर. मी मूळचा अड्याळचा, लाखनीच्या ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवायचो. खोली दाखवताना त्यांनी माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. बायोलॉजी म्हटल्याबरोबर मला खुर्ची दिली आणि विचारलं, "सर, माणसाची चामडी कायले लोंबते?"

मी वय, गुरुत्वाकर्षण असं काहीतरी पुटपुटलो.

"वय नाही," ते म्हणाले. "वय सोडून सांगा."

घरात जिकडे पाहावं तिकडे आरसे. पोर्चच्या खांबावर एक, मिलमधल्या वजनकाट्याजवळ एक, तुळशीच्या मागच्या भिंतीवर एक. म्हणजे सकाळी तुळशीला पाणी घालताना नमस्कार नक्की कुणाला होतोय हे सांगणं कठीण. मोटरसायकलचा आरसा मागून येणारा ट्रक दिसावा म्हणून असतो. त्यांचा आरसा मालकाच्या तोंडाकडे वळवलेला असे. लाखनीच्या हायवेवर ट्रकांची रीघ असते, म्हणून मी एकदा भीत भीत बोललो. ते म्हणाले, "मी ट्रकवाल्याले दिसतो ना? मंग झालं."

गळ्याखालची कातडी ताणलेली राहावी म्हणून हनुवटी सदा वर. त्यामुळे समोरचा माणूस त्यांना नाकाच्या शेंड्यावरून दिसायचा आणि पायरी तर दिसायचीच नाही. नगरपंचायतीच्या पायऱ्यांवर ते एकदा आडवे झाले, तेव्हा पडतानाही हनुवटी वरच होती असं पाहणारे सांगतात. रविवारी जुन्या टूथब्रशने मिशी आणि भुवया काळ्या करण्याचा कार्यक्रम असे. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायचो. ती बाई कमी बोलायची, पण वाया काही जायचं नाही. एका रविवारी अंगणात तांदूळ पाखडत म्हणाल्या, "केस काळे झाले, मिश्या काळ्या झाल्या, भुवया झाल्या. आता एक दिवस दात रंगवतीन."

मयतीला गेले तरी सभापतींचं लक्ष कातडीवर. एका किराणा व्यापाऱ्याच्या शोकसभेत त्यांनी सद्गदित होऊन भाषण केलं होतं. "पंच्याहत्तरीचा माणूस! पण गालावर एक सुरकुती दाखवा मले, एक!" सभेतल्या लोकांनी नकळत हार घातलेल्या फोटोकडे निरखून पाहिलं, आणि व्यापाऱ्याच्या पोरांना रडावं की काय करावं ते कळेना.

"पब्लिक काम पाहत नाही सर, पब्लिक चेहरा पाहते," हे त्यांचं ब्रीद होतं. पब्लिक काम पाहत नाही यावर त्यांचा इतका विश्वास होता, की काम त्यांनी केलंच नाही.

चेहरा मात्र चौकात कायम टांगलेला. दिवाळी असो, ईद असो, दहावीचा निकाल असो, सभापतींच्या शुभेच्छांचा फ्लेक्स लागणारच, आणि त्यावर ते सभापती झाले त्या आठवड्यात काढलेला तोच फोटो. जाकीट, गॉगल, भरलेले गाल. फ्लेक्सवाला दरवेळी त्याला आणखी थोडा गोरा करून द्यायचा. त्यामुळे सभापती वर्षागणिक म्हातारे होत होते आणि फ्लेक्सवरचे सभापती वर्षागणिक तरुण. दोघांमधलं अंतर एवढं वाढलं की एक दिवस ते एका बाईच्या लक्षात आलं.

ती तलावाकाठच्या एका गावातून आली होती. मासेमारी करणाऱ्या घरातली, वयस्क. त्यांच्या तलावात कुणीतरी पंप लावून पाणी उपसत होता आणि मासोळ्या मरत होत्या. सभापती पोर्चमध्ये पेपर वाचत बसले होते. मी शेजारीच होतो.

"सभापतीले भेटाचं हाय जी," बाई म्हणाली.

"बोला. मीच."

बाईने त्यांच्याकडे पाहिलं. मग रस्त्यापलीकडच्या फ्लेक्सकडे पाहिलं. मग पुन्हा यांच्याकडे पाहून समजूतदारपणे हसली. "नाही बाबाजी. मले त्यायलेच भेटाचं हाय. तुमी नोका तकलीफ करू. मी बसतो."

आणि ती खरोखरच पायरीवर बसली. सभापती ताडकन आत गेले. थोड्या वेळाने बाहेर आले ते फोटोतलं जाकीट चढवून, गॉगल लावून, हनुवटी आकाशाकडे. जाकिटाची बटणं पोटावर येत नव्हती. बाईने मान वर करून पाहिलं आणि कळवळून म्हणाली, "बाबाजी, त्यायचं जाकीट घातलं म्हणून काय होते?"

संध्याकाळपर्यंत वाट पाहून ती उठून गेली. त्या तलावाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. सभापतींनाही माहीत नव्हतं. तिचं काम काय होतं हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी जिना चढून माझ्या खोलीत आले, दार लावून घेतलं आणि विचारलं, "सर, प्लास्टिक सर्जरीत प्लास्टिक असते का?"

"नसतं," मी म्हटलं.

"मंग ठीक हाय."

नागपूरला त्यांच्यासोबत मी गेलो, कारण काकूंनी साफ नकार दिला होता. दवाखाना काचेचा आणि थंडगार. डॉक्टर बाई होत्या, सभापतींच्या मुलीच्या वयाच्या. फोनवर त्यांनी सांगितलं होतं, जुने फोटो घेऊन या. सभापतींनी चौकातला फ्लेक्स सोडवून गुंडाळी करून आणला आणि केबिनच्या फरशीवर अंथरला. पायथ्याशी 'भावी आमदार' हे शब्द टेबलाखाली गेले. डॉक्टरबाई चप्पल काढून त्याच्या कडेने फिरल्या आणि म्हणाल्या, "काका, हे डोळे तर कॉम्प्युटरवर मोठे केलेत. असे तुमचे कधीच नव्हते."

सभापतींनी माझ्याकडे पाहिलं, जणू डोळे मी मोठे केले होते.

मग बाईंनी शांतपणे समजावलं. "लोकांना वाटतं कातडी सैल पडली, ओढून घट्ट केली, झालं काम. नुसती कातडी ओढली की माणूस सुटलेल्या वाऱ्यात उभा असल्यासारखा दिसतो. खरी गोष्ट अशी की आतला भराव कमी झालेला असतो. गालाखाली चरबीच्या गाद्या असतात. वय वाढतं तशा त्या विरतात, खाली घसरतात. हाडंसुद्धा झिजतात. डोळ्यांच्या खोबणी मोठ्या होतात, जबडा लहान होतो. कातडी मात्र तेवढीच राहते."

"म्हणजे पोतं तेच, धान कमी," सभापती म्हणाले.

"अगदी बरोबर," बाई खूश झाल्या. सभापतींच्या तोंडून निघालेलं शहाणपणाचं वाक्य मी तेवढंच ऐकलं.

ठरलं ते असं. कानाच्या पुढून आणि मागून काप घ्यायचा, कातडीखालचा थर उचलून वर ओढून टाक्यांनी बांधायचा, डोळ्यांखालच्या पिशव्या काढायच्या, आणि पोटावरची चरबी बारीक नळीने शोषून घेऊन, साफ करून, थेंबाथेंबाने गालात आणि कानशिलात भरायची. आयुष्यात पहिल्यांदाच सभापतींनी स्वतःच्या पोटाकडे अभिमानाने पाहिलं. "स्टॉक बहुत हाय," ते म्हणाले.

"पण भरलेली सगळी टिकत नाही," बाईंनी बजावलं. "काही महिन्यांत बरीचशी शरीर शोषून घेतं. काहींना पुन्हा भरावी लागते."

मग त्यांना टेबलावर उताणं झोपवलं आणि हातात आरसा दिला. झोपल्यावर सैल पडलेलं सगळं मागे सरकतं आणि माणूस दहाएक वर्षांनी लहान दिसतो. सभापती आरशात पाहतच राहिले. "बस, असाच करा. एवढा झाला तरी पुरे."

"झोपून मतं मागणार आहात का?" बाई म्हणाल्या.

शेवटी त्यांनी विचारलं, "काका, हे तुम्ही कुणासाठी करताय?"

"पब्लिकसाठी," सभापती म्हणाले. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

सगळ्यात अवघड अट खर्र्याची निघाली. आमच्याकडे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून तयार होणाऱ्या या पदार्थावर अर्धा जिल्हा चालतो, आणि सभापती तर खर्रा तोंडात असल्याशिवाय नीट विचारही करू शकत नसत. तंबाखूने रक्तपुरवठा कमी होतो, उचललेली कातडी काळी पडून मरू शकते, असं बाईंनी सांगितलं. कॅन्सरच्या भीतीने न सुटलेला खर्रा गालाच्या भीतीने सुटला. ते दिवस घरात फार वाईट गेले. सभापती बडीशेप चघळत मिलभर फिरायचे, हमालांच्या अगदी जवळ उभे राहून त्यांच्या तोंडाचा वास घ्यायचे आणि मग त्यांनाच शिव्या द्यायचे.

ऑपरेशन झालं. गावात सांगितलं होतं, पक्षाच्या कामाने दिल्लीला गेले. प्रत्यक्षात ते माझ्या मागच्या खोलीत होते, कारण खालच्या घरात माणसांचा राबता. चेहरा सुजून भोपळा झालेला, डोळ्यांभोवती जांभळं, हनुवटीखालून डोक्यावर बांधलेला घट्ट पट्टा, आणि तोंडाचा डावा कोपरा रुसल्यासारखा खाली. नस दुखावली आहे, हळूहळू येईल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. डोकं उंच ठेवून झोपायचं, बोलायचं कमी, चावायचं कमी. कमी बोलणं तेवढं जमलं नाही. खाली मिलमध्ये कुणी पोतं तिरपं लावलं की माझ्या खिडकीतून आरडाओरडा सुरू. हमाल मान वर करून म्हणायचे, "सभापती दिल्लीहून बोलून राहिले."

गुपित फोडलं न्हाव्याने. दाढीच्या जागेची कातडी कानाकडे ओढली गेली की दाढीही तिच्यासोबत जाते. न्हाव्याने फेस लावला, गाल केला, हनुवटी केली, आणि कानाशी येऊन वस्तरा थांबवला. "सभापती, तुमच्या कानावर दाढी आली."

"येते कोणाकोणाले."

"कानाच्या मांगं बी हाय."

"कर आणि चूप राह्य."

त्याने कर म्हटलं ते केलं, चूप राहा म्हटलं ते केलं नाही. त्यानंतर सभापती समोर आले की लोक नमस्कार करायचे आणि बोलता बोलता वळसा घालून त्यांच्या कानामागे पाहून घ्यायचे.

खोटं कशाला बोलू, काम उत्तम झालं होतं. सूज उतरल्यावर जो चेहरा निघाला तो खरोखर माणसाचा होता, आणि भरलेल्या गालांचा होता. हात मात्र तेच राहिले, सुरकुतलेले, शिरा फुगलेले; त्यामुळे ते हात जोडायचे तेव्हा एखाद्या तरुणाच्या गळ्यासमोर दुसऱ्याच कुणी म्हाताऱ्याने हात जोडल्यासारखं दिसायचं.

तोंडाचा कोपराही वर आला आणि निवडणूकही आली. तिकिटासाठी पक्षाचे कुणी वरिष्ठ गाठायला सभापती नवा सदरा घालून गेले. परत आले ते सरळ माझ्या खोलीत. 

"काय झालं?" मी विचारलं.

"ते म्हणतात, या टाइमाले पक्षाले पिकलेला, अनुभवी चेहरा पाह्यजे." त्यांनी गालावरून हात फिरवला. "म्हणतात, सभापती, तुमी अजून जवान आहात. थांबा."

तिकीट एका निवृत्त हेडमास्तरला गेलं. गाल आत, डोळे खोल, बोळकं तोंड. लोकांनी हेडमास्तरला निवडून दिलं.

इथपर्यंतची गोष्ट मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पुष्कळदा सांगितली आहे, आणि हशा वसूल केला आहे. पुढची मी तिथे कधी सांगितली नाही.

खालच्या मागच्या खोलीत सभापतींची आई असायची. सिहोऱ्याची लेक, लग्न होऊन लाखनीत आलेली. वय खूप झालेलं, कान शाबूत, पाय बऱ्यापैकी शाबूत, पण आठवण गेलेली. काकू तिचं सगळं करायच्या. सभापती जाता-येता दारातून "काय माय, बरी हायेस ना?" असं विचारायचे आणि उत्तराला थांबायचे नाहीत. ते गेले की म्हातारी सुनेला विचारायची, "तो कोन व?" काकू म्हणायच्या, "तुमचाच पोरगा जी." म्हातारी मान हलवायची. काकूंचा शब्द मोडायचा नाही म्हणून हलवल्यासारखी.

पट्टा निघाल्यावर सभापती पहिल्यांदा खाली उतरले, त्या सकाळी मी त्यांच्या मागेच होतो. म्हातारी अंगणात खाटेवर ऊन घेत बसली होती. तिने यांना पाहिलं आणि घाईघाईने पदर डोक्यावर ओढला. खाटेचा आधार घेऊन उभी राहिली.

"आले का तुमी?" ती म्हणाली.

"मी कोठी गेलतो माय? वरच होतो," सभापती म्हणाले आणि नेहमीप्रमाणे पुढे निघाले. पण काकू हातातलं भांडं घेऊन तशाच थबकल्या होत्या. मुलाला ती कधी तुमी म्हणत नसे.

"मामंजी समजून राहिल्या तुमाले," काकू म्हणाल्या. "मामंजीचे गाल असेच होते."

सभापतींचे वडील तरुणपणीच, एका दुपारी धानाच्या बांधीतून घरी येता येता गेले होते. म्हातारीच्या डोक्यात ते त्याच वयाचे राहिले होते. आता इतक्या वर्षांनी ते गाल भरून परत आले, आणि आल्या आल्या तिने त्यांना धारेवर धरलं.

रोज सकाळी तेच. सभापती अंगणात दिसले की पदर डोक्यावर, नजर खाली, आणि तोंडाचा पट्टा सुरू. शिव्याही तुमी-तुमी करून, मान राखून. "माही माय मेली तवा मले काहून नाही जाऊ देल्लं? सिहोऱ्याहून मानूस आला होता न्याले. तुमी काय म्हनले? रोवणी होऊ दे, मंग जाजो. मी चिखलात उभी. गुडघाभर चिखल आन हातात धानाचे परे. थो मानूस बांधावर उभा राहून राहून गेला. माहं तोंड नाही पाह्यलं मायनं."

घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. काकूंना नाही, सभापतींना नाही. नवरा हयात असताना ती बोलली नव्हती आणि तो गेल्यावर बोलायला कुणी उरलं नव्हतं.

"अवो माय, मी तुहा पोरगा!" सभापती ओरडायचे.

"पोराले मधात नोका आनू," ती म्हणायची.

ते चिडायचे, मागच्या दाराने मिलमध्ये जायचे. मी तर म्हणेन, त्यांना बापाच्या पापाचं काही वाटत नव्हतं, रोज सकाळी बोलणी खावी लागतात याचंच वाटत होतं. "ऑपरेशन माहं झालं, गाल माह्या पोटाचे, आणि गाऱ्हाणी त्यायची," असं ते माझ्याकडे तक्रार करत. मला हसू आवरायचं नाही.

तिकीट गेल्यानंतरच्या दिवसांत त्यांच्याकडे येणाऱ्यांची गर्दी आटली होती. एके सकाळी मी कॉलेजला निघालो, तर सभापती अंगणात खाटेच्या पायथ्याशी बसलेले. म्हातारीचं नेहमीचं चाललं होतं, रोवणी, चिखल, बांधावरचा माणूस. ते ऐकत होते. हनुवटी खाली होती; त्यांच्या डोक्याचा माथा मी पहिल्यांदाच पाहिला. ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा ते म्हणाले, "चुकलं माहं."

 म्हातारीने पदर जरा मागे सारला, त्यांच्याकडे डोळे भरून पाहिलं.

"मंग चाला आता," ती म्हणाली. "न्या मले."

सभापतींनी कार काढली. काकू मागे बसायला आल्या, तर म्हातारीने विचारलं, "हे कोन बाई तुमच्या संगं?" काकू मुकाट्याने उतरल्या आणि मला म्हणाल्या, "सर, तुमी जा यायच्या संगं. दोघंबी भरवशाचे नाही."

तुमसर मागे टाकून सिहोऱ्याला पोचलो तेव्हा बांध्यांमध्ये धान पोटरीला आलं होतं. म्हातारीचं माहेरघर उरलेलं नव्हतं. त्या जागेवर भाच्याचं स्लॅबचं घर होतं. भाचा शेतात, घरी त्याची बायको. तिने या म्हातारीला कधी पाहिलंही नव्हतं. कोण, कुठले, हे मी सांगेपर्यंत म्हातारी अंगणात मधोमध जमिनीवर बसली आणि तिने गळा काढला. "माय वो, तुही लेक आली वो... तुह्या लेकीले यायले उशीर झाला वो..."

भाच्याची बायको क्षणभर गोंधळली. मग हातातली परात खाली ठेवून ती म्हातारीशेजारी बसली, तिचं डोकं खांद्यावर घेतलं आणि तीही रडायला लागली. कोण गेलं हे तिला ठाऊक नव्हतं. शेजारच्या बायका आल्या, त्याही बसल्या. कुणी काही विचारलं नाही. बाईमाणसाला एकटं रडू द्यायचं नसतं, एवढं त्यांना पुरेसं होतं.

सभापती गाडीजवळ उभे होते. एक म्हातारा काठी टेकत आला आणि त्यांना हळूच म्हणाला, "कोन गेलं गा?"

"माही आजी."

"अरारा. कवा?"

सभापतींनी तोंड उघडलं. व्यासपीठावर त्यांचा शब्द कधी अडलेला मी पाहिला नव्हता. "झाले... बहुत दिवस झाले," ते म्हणाले आणि तोंड फिरवून बांध्यांकडे पाहत राहिले.

परतताना तुमसरला चहासाठी थांबलो. म्हातारीने गाडीतच बसून बशीतून चहा घेतला. तिचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता. ती पुढे वाकून सभापतींना म्हणाली, "पोराले नोका सांगू, मी रडली म्हनून."

"काहून?"

"तो माईकवर सांगन."

मी बशी तोंडाला लावून हसू दाबलं. सभापतींनी समोरच्या रस्त्यावरून नजर हलवली नाही. "नाही सांगत," ते म्हणाले.

त्या दिवसानंतर म्हातारीने रोवणीचं नाव काढलं नाही. सकाळी पदर सारखा करायची आणि "जेवले का?" विचारायची, एवढंच. सभापती सुधारले वगैरे काही नाहीत. चौकात फ्लेक्स लागतच होते, मिशी काळी होतच होती, आणि हेडमास्तरच्या सत्कारात ते अध्यक्ष होऊन बसले ते बसलेच. पण जेवले का, या प्रश्नाचं उत्तर द्यायला ते थांबायचे.

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तेच झालं. हळूहळू गालातली चरबी विरत गेली. डावा गाल आधी बसला, मग उजवा. वर बांधलेलं वरच राहिलं, पण आतला भराव गेला आणि चेहरा कुणाचाच राहिला नाही, ना फ्लेक्सवरच्या सभापतींचा, ना वडिलांचा, ना त्यांचा स्वतःचा. नागपूरहून पुन्हा भरून घ्या म्हणून निरोप आला. "पाहू," म्हणत ते टाळत राहिले.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला मी खाली उतरलो. अंगणात म्हातारी खाटेवर होती आणि सभापती खाटेवरच तिच्या पायथ्याशी बसून तिला संत्र्याची फोड सोलून देत होते. तिने फोड घेतली आणि त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तुमी कोन जी?" तिने विचारलं.

"मी तुहा पोरगा, माय."

तिने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग मान हलवली. "नाही," ती म्हणाली. "तो असा बसत नाही."

 सभापती खाटेवर जरा आणखी आत सरकून बसले आणि पुढची फोड सोलू लागले.